एका टोळीत किती कोयते?

इंदापूर-बारामती रस्त्यावर मोटरसायकलच्या मागे बसलेला माणूस मांडीवर पत्र्याचा काळा डबा कवटाळून चाललेला दिसला, तर खुशाल समजावे की कुठल्या तरी दुकानाचा, पतसंस्थेचा किंवा सेवा केंद्राचा 'सीपीयू' बारामतीला दाखवायला निघाला आहे. निमगाव केतकीपर्यंत डबा जुन्या चादरीत नीट गुंडाळलेला असतो. अंथुर्ण्याला चादर सुटते. लासुर्ण्याच्या पुढे ती चाकात जाऊ नये म्हणून मागचा गडी ती गळ्यात बांधतो. भवानीनगरला कारखान्यासमोर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत गाडी अडकली की शेजारचा ट्रॅक्टरवाला हमखास विचारतो, "काय झालं ओ सीपीयूला?"

बारामतीत डबा उघडतात. आत पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क, रॅमच्या पट्ट्या, वायरींचा गुंता, चार वर्षांची धूळ आणि क्वचित पालीचे अंडे. या साऱ्याच्या मधोमध, पंख्याखाली दडलेला जो चौकोन असतो, तो खरा सीपीयू. त्यालाच प्रोसेसर म्हणतात. इंटेलने २०२१ मध्ये आणलेल्या बाराव्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर ४५ मिलिमीटर लांब, ३७.५ मिलिमीटर रुंद आणि पोटाखाली १,७०० संपर्कबिंदू असलेला असतो. हा प्राणी सहसा मरत नाही. मेलेला असतो तो पॉवर सप्लाय. पावती मात्र 'सीपीयू रिपेअर' अशीच फाटते.

यात कुणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. २००१ मध्ये एमकेसीएलने एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू केला, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागू लागले, आणि क्लार्कपासून गुरुजींपर्यंत सगळ्यांनी मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि सीपीयू अशी चार नावे पाठ केली. सीपीयू म्हणजे संगणकाचा मेंदू, हेही त्याच दमात. मेंदू डब्यात असतो आणि डबा टेबलाखाली असतो, एवढ्यावर बरीच वर्षे कामकाज सुरळीत चालले. घोटाळा झाला तो 'कोअर' हा शब्द मोबाइलच्या जाहिरातीतून घरात शिरल्यावर.

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की बारामतीच्या भिगवण रस्त्यावर लॅपटॉपच्या दुकानांत गर्दी होते. मुलगी दाराशी मोबाइलवर किमती ताडून पाहत असते. वडील उसाचे बिल खात्यावर जमा झाल्याची खात्री करून आलेले असतात, आणि जी वस्तू विकत घ्यायची ती मोजून घ्यायची, हा त्यांचा जन्मभराचा नेम असतो.

"आय-थ्री म्हणजे आत तीन का?"

"नाही मामा, ते नुसतं नाव आहे."

"मग आय-फाइव्हमधी पाच?"

"त्यात सहा कोअर असतात. दहा पण असतात. बारावाला पण आहे."

"मग ती पाच कसली?"

"ती कंपनीची."

दुकानदार खोटे बोलत नसतो, ही यातली खरी शोकांतिका. जानेवारी २०१० मध्ये पहिले आय-थ्री आले तेव्हा त्यांत दोन कोअर होते. २०१६ च्या आय-सेव्हन ७५००यू या लॅपटॉप प्रोसेसरमध्येही दोनच. पुढच्याच वर्षी आलेल्या आय-थ्री ८१०० या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये चार. म्हणजे एका सालच्या थोरल्यापेक्षा दुसऱ्या सालच्या धाकट्याला दुप्पट. तीन, पाच, सात हे आकडे फक्त दर्जाची पायरी सांगतात. त्यांचा आतल्या कोअरच्या संख्येशी काडीचा संबंध नाही, आणि तसा तो आहे असे कंपनीनेही कधी म्हटलेले नाही. गिऱ्हाइकाने आपल्या मनाने तसे धरले तर कंपनीने ते खोडून काढायची धडपड केली, असेही ऐकिवात नाही.

आता हे त्या वडिलांना समजावायचे कसे? समजावायची गरजच नाही, कारण त्यांना ते आधीपासून येते. फक्त त्यांच्याकडे त्याला कोयता म्हणतात.

दिवाळीनंतर बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड मजूर इंदापूर-बारामती या दोन तालुक्यांत उतरतात. मुकादम कारखान्याशी करार करतो तो टोळीचा. ट्रॅक्टरमागे एक टोळी, आणि टोळीत आठ-दहा कोयते. फडात टोळी एकच उतरते, पण प्रत्येक कोयता आपली सरी स्वतंत्रपणे धरतो, आपापली मोळी बांधतो. टोळी म्हणजे प्रोसेसर आणि कोयता म्हणजे कोअर. मदरबोर्डवरच्या खाचेत म्हणजे सॉकेटमध्ये बसते ती अख्खी चिप हा प्रोसेसर. त्या चिपमध्ये जेवढ्या जागी सूचना वाचून, आकडेमोड करून स्वतंत्रपणे काम उरकायची पूर्ण सोय असते, तेवढे कोअर. ट्रॅक्टर, वाट आणि पाण्याचा टँकर टोळीत सामाईक. चिपमध्ये मोठी कॅशे, म्हणजे हाताशी ठेवलेला माहितीचा साठा, आणि रॅमकडे जायचा रस्ता सामाईक. "तुझ्याकडं टोळ्या किती?" आणि "टोळीत कोयते किती?" हे दोन प्रश्न एकच आहेत असे म्हणणारा मुकादम सणसरपासून शेटफळगढेपर्यंत शोधून सापडणार नाही. संगणकाच्या व्यवहारात मात्र तसे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही दरपत्रकावर सही करायच्या जागी बसलेले आहेत.

कोयत्याच्या हिशेबात आणखी एक गंमत आहे. गंमत म्हणवत नाही खरे तर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. फडात माणसे दोन, हिशेबात मोजायचा एक. इंटेलने २००२ मध्ये हायपर-थ्रेडिंग आणले ते नेमके याच्या उलट: फडात कोअर एक, हिशेबात दाखवायचे दोन. कोअर एका कामात रॅमकडून माहिती यायची वाट पाहत खोळंबला, तर त्या फटीत दुसऱ्या कामाचा धागा पुढे सरकवतो. म्हणून विंडोजला एका कोअरच्या जागी दोन 'लॉजिकल प्रोसेसर' दिसतात. काम मात्र दुप्पट होत नाही. कामागणिक वीस-तीस टक्के वाढले तरी बरे म्हणायचे. बीडहून आलेली बाई इंटेलच्या दुसऱ्या धाग्याच्या कितीतरी पट काम करते आणि मोजणीत येत नाही. तो धागा थोडेसे करतो आणि खोक्यावर छापून येतो.

मुळात हे कोअर वाढवायचे डोहाळे लागले ते उष्म्यामुळे. १९७१ मधला इंटेलचा ४००४ हा २,३०० ट्रान्झिस्टरचा, एकट्याने राबणारा. पुढची तीसेक वर्षे सगळ्या कंपन्यांचा खाक्या एकच होता: कोयता एकच ठेवायचा आणि त्याला जोरात पळवायचे. २००४ अखेर पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला आणि तो थंड ठेवायला ११५ वॉटची उष्णता बाहेर काढायची पाळी आली. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने पुढचा, 'तेजस' असे आपल्याकडचे वाटणारे नाव दिलेला प्रोसेसर जन्मण्याआधीच रद्द केला. आयबीएमने २००१ मध्येच पॉवर-फोर या चिपमध्ये दोन कोअर बसवले होते. २००५ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही घरगुती संगणकासाठी दोन कोअरचे प्रोसेसर बाजारात आणले. बारामतीच्या एप्रिलमध्ये खिडकीला पाण्याचा कूलर लावून संगणक चालवलेल्या कुणालाही हा निर्णय पटण्यासारखा आहे.

कोअर म्हणजे नक्की काय, हा वाद पुढे अमेरिकेत थेट कोर्टात गेला. एएमडीने २०११ मध्ये 'बुलडोझर' रचनेचे एफएक्स प्रोसेसर आणले आणि त्यांतल्या वरच्यांवर 'आठ कोअर' लिहिले. आत होत्या दोन-दोन कोअरच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीत अपूर्णांकांची आकडेमोड करणारे एकक एकच सामाईक. आपल्या भाषेत सांगायचे तर बांधावर माणसे दोन, हातात कोयता एक. मग हा कोयता एक धरायचा की दोन? २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात गिऱ्हाइकांनी दावा लावला आणि २०१९ मध्ये एएमडीने १ कोटी २१ लाख डॉलर देऊन तडजोड केली. हा तंटा मुकादमाच्या पालासमोर आला असता, तर रात्रीच्या भाकरीआधी मिटला असता.

आपल्याकडचे गिऱ्हाईक कोर्टात जात नाही, ते गुणाकार करते. चार कोअर गुणिले तीन गिगाहर्ट्झ बरोबर बारा गिगाहर्ट्झ, असे छातीठोकपणे सांगणारा एक तरी पुतण्या प्रत्येक वाड्यात असतो. मोबाइलच्या बाबतीत तर कोअरची संख्या सरळ किमतीला लावून पाहतात. दहा हजारांच्या फोनमध्ये आठ कोअर आणि आयफोनमध्ये २०१७ पासून सहाच, म्हणजे आयफोनवाला फसला, हा निष्कर्ष भिगवणच्या मासळी बाजारात वांबटासोबत फुकट मिळतो. मीडियाटेकने मध्यंतरी हेलिओ एक्स-२० हा दहा कोअरचा मोबाइल प्रोसेसरही आणून पाहिला. त्या आठांत किंवा दहांत सगळे कोअर सारख्या ताकदीचे नसतात. काही दमदार, तर काही बॅटरी वाचवायला ठेवलेले सावकाशीचे. स्वस्तातल्या काही फोनांत तर आठच्या आठ सावकाशीचेच असतात.

शिवाय कोयते वाढवले म्हणून ऊस तेवढ्या पटीने कारखान्यात पोचतो, असेही नाही. फडात शंभर कोयते उतरवा, वजनकाटा एकच असेल तर ट्रॉल्या रांगेतच उभ्या राहणार. जीन अॅमडाल या अमेरिकन अभियंत्याने १९६७ मध्ये हेच गणितात मांडले: कामाचा दहावा हिस्सा जर एकापाठोपाठ एकच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावा, वेग दहापटीच्या पुढे जात नाही. बारामतीकरांना याचे घरचे उदाहरण द्यायचे तर मोरोपंतांचे द्यावे. पंतांनी कऱ्हाकाठी बसून १०८ रामायणे रचली असे सांगतात. ही रामायणे १०८ कोअरना एकेक वाटून देता येतील, कारण एकाचे दुसऱ्यावाचून अडत नाही. पण त्यांतले निरोष्ठ रामायण, म्हणजे प, फ, ब, भ, म यांसारखे ओठ लागणारे एकही अक्षर न वापरता रचलेले, दहा जणांत वाटून पाहा. पहिल्या आर्येत काय साधले हे कळल्याशिवाय दुसरा लेखणी उचलणार नाही. पंतांनी सगळी एकट्याने उरकली हे वेगळे. त्यांना उष्म्याचा त्रास झाल्याची नोंद नाही.

हे सगळे एका जागी, एका पडद्यावर पाहायचे असेल तर मार्च अखेरीला एखाद्या संस्थेच्या हिशेब विभागात जावे. अकाउंटंटने एक्सेलचा मॅक्रो चालवलेला असतो. सभासदांची नावे, टनेज, कपाती, सगळे ओळीने चाललेले. पडद्यावर वाळूचे घड्याळ जाऊन निळे कडे आले, एवढाच इतक्या वर्षांतला बदल. मशीन नवे, आठ कोअर, सोळा लॉजिकल प्रोसेसर. साहेब मागे येऊन उभे राहतात आणि टास्क मॅनेजर उघडायला सांगतात. त्यात लिहिलेले असते: सीपीयू, सहा टक्के.

"सहाच टक्के? मग बाकीचा करतोय काय?"

बाकीचा काही करत नसतो, कारण त्याला कुणी काही सांगितलेलेच नसते. एक्सेलने २००७ च्या आवृत्तीपासून साधी गणिते अनेक कोअरमध्ये वाटायला सुरुवात केली, पण मॅक्रो मात्र आजही एकाच धाग्यावर चालतो. सोळांतला एक घाम गाळतो, पंधरा बांधावर बसून असतात, आणि एकाला सोळाने भागले की सव्वासहा टक्के येतात. त्या आलेखावर उजवी कळ दाबून 'लॉजिकल प्रोसेसर' निवडले, तर एका आलेखाच्या जागी सोळा चौकटी उमटतात. शेजारी बारीक अक्षरांत तीन ओळी असतात: सॉकेट्स १, कोअर्स ८, लॉजिकल प्रोसेसर्स १६. दुकानातल्या मामांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे मायक्रोसॉफ्टने त्या तीन ओळींत फुकट लिहून ठेवली आहेत. साहेबांचा शेरा मात्र ठरलेला असतो: "व्हायरस असेल, फॉरमॅट मारा."

मोजणीचा हा गोंधळ फक्त तालुक्याच्या गावी होतो असे मानायचे कारण नाही. सी-डॅकने १९९१ मध्ये पुण्यात परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्यातले ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर नगावर मोजले की झाले. एक नग, एक काम करणारा. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातच टाटांच्या सीआरएल संस्थेचा 'एका' हा महासंगणक जगातल्या वेगवान महासंगणकांच्या यादीत चौथा आला. यादीत त्याच्यापुढे 'प्रोसेसर १४,२४०' असे छापले होते. खरे तर ते होते कोअर. इंटेलच्या झिऑन चिपा प्रत्येकी चार कोअरच्या, म्हणजे हातात धरता येतील असे नग ३,५६०. त्यातही मेख अशी की त्या काळची चार कोअरची झिऑन म्हणजे दोन कोअरच्या दोन चकत्या एकाच आवरणात बसवलेल्या. पुढे त्या जागतिक यादीने रकान्याचे नाव बदलून 'कोअर' करून टाकले.

आता तर खुद्द ऊसच या हिशेबात आला आहे. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीने कृत्रिम बुद्धिमत्तेवर उसाची शेती उभी केली. जमिनीत सेन्सर, शेतात हवामान केंद्र, वरून उपग्रहाची चित्रे, आणि पाणी-खत कधी द्यायचे याचा निरोप शेतकऱ्याच्या मोबाइलवर. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी या उसाचे उदाहरण जगाला सांगितले. आकडेमोड होते ती क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या डब्यात, आणि तो डबा मोटरसायकलवर नेता येत नाही.

क्लाउडवाले भाडे लावतात ते 'व्ही-सीपीयू'वर. या नावात सीपीयू आहे, पण तो प्रोसेसर नव्हे, आणि इंटेल-एएमडीच्या बहुतेक यंत्रांवर अख्खा कोअरही नव्हे. कोअरच्या दोन धाग्यांतला एक धागा म्हणजे एक व्ही-सीपीयू. थोडक्यात, अर्धा कोयता. चार व्ही-सीपीयूचे भाडे भरणारा दोन कोयते घेऊन घरी येतो आणि चार टोळ्या आणल्या म्हणून सांगतो.

ग्राफिक्सच्या चिपांच्या, म्हणजे जीपीयूच्या, दुनियेत तर मोजणीला सीमाच उरली नाही. एनव्हिडियाच्या एच-१०० या गाजलेल्या चिपच्या मोठ्या अवतारात 'कुडा कोअर' १६,८९६ असे लिहिलेले असते. आपल्या फडाच्या पद्धतीने, म्हणजे स्वतःच्या डोक्याने कामाचे आदेश वाचणारा एकेक विभाग धरून मोजले, तर ते भरतात १३२. प्रत्येक विभागात बेरजा-गुणाकार करणाऱ्या १२८ जागा, त्यांनाच कंपनी कोअर म्हणते. कोयते मोजायच्या ऐवजी बोटे मोजली, एवढेच.

सर्वांत महागाचा घोळ होतो तो सॉफ्टवेअरच्या परवान्यात. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून प्रोसेसरवारी परवाना बंद करून कोअरवारी सुरू केला, आणि एका प्रोसेसरमागे निदान चार कोअरचे पैसे धरले. विंडोज सर्व्हर २०१६ ला तर एका सर्व्हरमागे किमान सोळा कोअरचे परवाने. आत आठच असले तरी सोळांचेच बिल. आगाऊ उचल घेतलेले कोयते आणि फडात उतरलेले कोयते यांचा मेळ न बसणे हे या भागाला नवीन नाही. इथे फक्त उचल उलट्या दिशेने जाते.

इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या दूध संस्थेच्या मासिक सभेत सर्व्हर खरेदीचा विषय निघाला की दृश्य साधारण असे असते. पुण्याहून आलेला विक्री प्रतिनिधी, कडक इस्त्री, लॅपटॉपवर निळ्या रंगाची स्लाइड. "सर, यात ३२ मिळतात." संचालक मंडळ माना डोलावते. सचिव इतिवृत्तात 'प्रोसेसर: ३२ नग' असे लिहून मोकळा होतो. तेवढ्यात कोपऱ्यातले एक संचालक, उमेदीच्या काळात मुकादमी केलेले, सुपारी बाजूला सारतात.

"हे बत्तीस एकाच टोळीत का दोन टोळ्यांत?"

प्रतिनिधीला प्रश्न समजायला थोडा वेळ लागतो. सचिव त्याला बाजूला घेऊन टोळी म्हणजे काय ते सांगतो. मग पोरगा फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात जातो आणि परत येऊन सांगतो, "दोन प्रोसेसर आहेत सर. सोळा-सोळाचे."

"आन् तुमच्या सॉफ्टवेअरची उचल कशावर? टोळीवर का कोयत्यावर?"

"कोअरवर, सर. बत्तीसचे लायसन्स."

"बरं. मग आता सांगा, हे बत्तीस जोडी धरून का माणूस धरून?"

पोरगा पुन्हा फोन घेऊन बाहेर गेला. सभेने तोवर चहा मागवला.